दुसऱ्या भोंग्याची वेळ

९ जानेवारी

प्रिय मामा,

फोन करण्यात अर्थ नाही. तू कानाचं यंत्र टेबलाच्या खणात ठेवतोस, आणि मला घरात ओरडता येत नाही, कारण जे सांगायचंय ते आईच्या पाठीमागे सांगायचंय. म्हणून पत्र.

आधी बातमी. आमच्या जहाजांच्या कारखान्यात नवी क्रेन उभी राहिली आहे. सत्तर मीटर उंच, एका वेळी सहाशे टन उचलणारी. कुठल्याही गच्चीवरून दिसते. तिच्यावर बसणारी पहिली ऑपरेटर म्हणून माझं नाव आलंय. तिघांच्या चाचण्या झाल्या. बाकीचे दोघे माझ्याहून दहा-दहा वर्षांनी लहान, हात चांगले, पण घाई फार. यादी लावताना फोरमन एवढंच म्हणाले, "घारीला वर बसवायला कागद कशाला लागतो?" खात्यात मला घारच म्हणतात. मी आपली तोंड फिरवून हातमोजे शोधत राहिले. हातमोजे हातातच होते.

घरी येऊन आईला सांगितलं. ती उठली, कपाट उघडलं, कपड्यांच्या तळातून तू केलेली माझी पत्रिका काढली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. ते वाक्य मला पाठ आहे. 'उंचावरून पतनाचे भय. उंच जागी वावर टाळावा.' पंचवीस वर्षं मी शेडमधल्या क्रेनवर बसते, ती बारा मीटरवर. तेवढी आईनं चालवून घेतली, कारण वर छप्पर आहे. छपराखालची उंची तिच्या लेखी घरातलीच.

मी म्हटलं, "आई, मी सेहेचाळीस वर्षांची आहे."

"मी कुठं नाही म्हणतेय? तुझ्या मामानं लिहिलंय. त्यानंच खोडावं."

मामा, मला तिची परवानगी नको आहे. पण मी वर असेन तोवर ती खिडकीतून हलणार नाही, आणि त्या केबिनमधून आमची गल्ली दिसते. मी जाऊन पाहून आलेय. वर बसणाऱ्याच्या मनात काळजी असली की खाली तार हलते. असल्या हातांनी मी सहाशे टन उचलणार नाही. वीस फेब्रुवारीपर्यंत होकार द्यायचाय, नाहीतर नाव पुढच्याला जाईल.

तेव्हा दोन ओळी लिहून पाठव. 'पुन्हा पाहिले, भय नाही.' खोट्या असल्या तरी चालतील. अक्षर तुझं असलं म्हणजे झालं.

तुझी
भाची


१५ जानेवारी

भाचीबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा छाती अशी फुगली की शर्टाचं बटण धोक्यात आलं. शेजाऱ्याला हाक मारून क्रेनचे मीटर आणि टन सांगितले. त्याला वाटलं, मीच वर बसणार आहे.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा राग आला. पस्तीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या. दम देणारे भेटले, पाया पडणारे भेटले, पण कोणाचा बांध बोटभर सरकवला नाही. आणि माझी भाची मला लिहिते, 'खोट्या चालतील'. तुला चालतील गं. मला कसं चालेल?

एक मात्र करता येईल. वेळ तपासता येईल. पत्रिका म्हणजे ग्रहांचं वेळापत्रक. कुठल्या वर्षी कुठल्या ग्रहाची दशा, म्हणजे कोणाचा अंमल, सुरू होणार ते जन्माच्या क्षणावरून ठरतं. तो क्षण चुकला की पुढचं सगळं चुकलं. तेव्हा आयुष्यात जे खरोखर घडलं त्याच्या तारखा त्या वेळापत्रकाशेजारी मांडायच्या. जुळल्या तर वेळ बरोबर. नाही जुळल्या तर वेळ पुढेमागे सरकवत जायचं, जुळेपर्यंत. याला आम्ही जन्मवेळेची शुद्धी म्हणतो. तुझी पत्रिका मी विसाव्या वर्षी केली, आयुष्यातली पहिली. चूक असू शकते. नसूही शकते. तपासून भय निघालं तर भयच लिहीन. कबूल असेल तरच पुढे जाऊ.

मला हे हवंय: लग्न, अपत्यं, घर, मोठे आजार, जवळच्यांचे मृत्यू. सगळं तारखांसकट. 'साधारण त्या सुमारास' असलं काही नको.

ताईला काही बोलू नकोस.

मामा


२२ जानेवारी

प्रिय मामा,

कबूल.

तुझा तक्ता भरायला बसले. लग्न, नाही. अपत्यं, नाहीत. घर, बाबांचंच. आजार, सर्दी. पाच मिनिटांत आटोपलं. तुझ्या तक्त्याप्रमाणे बाबा गेले तेवढं सोडलं तर माझ्या आयुष्यात काही घडलेलंच नाही. ते माझ्या चोविसाव्या वर्षी, अकरा एप्रिलला. ते तुला ठाऊक आहे.

मग कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला माझा तक्ता लिहिला.

वय एकवीस, चौदा जून. कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले. क्रेनच्या शिडीला हात लावला तेव्हा खालून कोणीतरी ओरडलं, "ताई, स्वयंपाकघर इकडं नाही!" मी वर पोचल्यावर खाली ओरडले, "माहितीय, इथून सगळं दिसतंय!" त्या दिवसापासून घार.

वय बावीस, तीस जानेवारी. एकटीनं पहिला भार उचलला. चार टनांचा. बाबा तेव्हा त्याच शेडमध्ये फिटर होते. त्यांनी वर बघितलं नाही, मुद्दाम. पण सुटीनंतर घरी येताना पूर्ण रस्ताभर शीळ घालत होते.

वय तेहतीस, दोन सप्टेंबर. माझ्या हाताखाली शिकलेल्या दोन मुली परीक्षा पास झाल्या. तुला ही घटना वाटणार नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं, इतका आनंद झाला होता.

आता पुढचं आईला कधीही कळता कामा नये. वय सदतीस, आठ ऑक्टोबर, सकाळी सव्वाअकरा. बावीस टनांचा पत्रा हवेत असताना एक तार तुटली. केबिनला असा हिसका बसला की कपाळ काचेवर आदळलं. खाली नऊ माणसं, आणि पळायला जागा नाही. अशा वेळी क्रेन जागच्या जागी थांबवावी असं कोणालाही वाटेल. थांबवली असती तर पत्रा झोका घेत त्या नऊ जणांवर गेला असता. मी तो जिकडे जाईल तिकडे क्रेन नेली. मागे गेला, मागे गेले. पुढे आला, पुढे आले. झोका दमेपर्यंत. मग जमिनीवर ठेवला. सतरा मिनिटं. कोणाला ओरखडासुद्धा नाही. मला चार टाके. आईला सांगितलं, कपाटाचं दार लागलं. कारखान्यानं दिलेलं शाबासकीचं पत्र अजून माझ्या लॉकरमध्ये आहे, घरी आणलेलं नाही. त्या नऊ जणांपैकी एकाची मुलगी आता माझ्याकडे शिकायला आहे.

एवढंच. मोज.

तुझी
घार


३० जानेवारी

भाचीबाई,

तुझा पहिला तक्ता वाचून फार वाईट वाटलं. एवढ्या रिकाम्या जागा! तू वर विनोद केलेस, पण मला कळलं. माझ्या त्या एका वाक्यामुळे तर स्थळं परत गेली नसतील ना? तसं असेल तर मी तुझा मोठाच अपराधी आहे. पोरी, एकटेपणाला घाबरू नकोस, असं म्हणणार होतो. पण ते तुला कोण सांगणार?

आता मोजणीचं. तुझं लग्न चुकलंय. म्हणजे पत्रिकेतलं लग्न, जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास. तुझी एकही तारीख माझ्या वेळापत्रकात बसत नाही. नोकरी एकविसाव्या वर्षी, पत्रिकेप्रमाणे ती सोळाव्याच्या आतबाहेर. अपघाताचा काळ सुरू होतो बत्तिसाव्याला, तुझी तार तुटली सदतिसाव्याला. आधी मी पाचपाच मिनिटं सरकवून बघत होतो. काही उपयोग नाही. मग एक गोष्ट लक्षात आली, आणि ती ज्योतिषाला नव्हे, मोजणीदाराला लक्षात आली. तारखा कशाही चुकत नाहीत. सगळ्या सारख्याच चुकतात. पाच-सव्वापाच वर्षं, दरवेळी.

आमच्या कामात असं झालं की मोजायच्या साखळीला दोष द्यायचा नसतो. जिथून मोजायला सुरुवात केली तो दगडच भलत्या जागी असतो.

तेव्हा तुझ्या जन्माच्या दिवसाबद्दल घरात जे काही ऐकलं असशील ते लिही. फालतू वाटेल ते आधी लिही. माझ्याकडे तुझ्या बाबांचं एक कार्ड आहे तेवढंच. 'दुसऱ्या भोंग्याला मुलगी झाली. दोघी ठीक.' ते मी जपून ठेवलंय. कार्ड खोटं बोलत नाही, तुझे बाबाही बोलत नसत. मग चुकतंय कुठं?

मामा


४ फेब्रुवारी

मामा,

माझं लग्न चुकलंय हे आईला सांगू नकोस. ती म्हणेल, झालंच कुठे!

आणि तुझं ते वाईट वाटणं परत घे. स्थळं तुझ्या वाक्यानं गेली नाहीत, माझ्या कामाच्या पाळ्यांनी गेली. एक राहिलं होतं, ते मलाही आवडलं होतं. त्यानं चांगल्या शब्दांत विचारलं, क्रेन कधी सोडशील? मी चांगल्या शब्दांत सांगितलं. तो आता खाली, दुसरीकडे सुखी आहे, मी वर सुखी आहे. त्या जागा रिकाम्या नाहीत मामा, तुझ्या तक्त्यात त्यांना नाव नाही एवढंच. तू ओसाड जमीन आणि कुरण यातला फरक ओळखतोस ना? मग भाचीच्या बाबतीत कसा चुकलास?

कधीतरी सुटीच्या दिवशी मला वाटतं, कोणी असतं तर, हेही खरं आहे. ते सगळ्यांनाच वाटतं. मामी होती तेव्हा तुलाही वाटत असेल, कोणी नसतं तर.

आता जन्माचं. आईकडून शंभरदा ऐकलंय, तूही ऐकलं असशील. मी घरातच झाले, शेजारच्या नर्सबाई होत्या. बाबा पुढच्या खोलीत आरशासमोर दाढी करत होते, कामावर निघायच्या तयारीत. एक गाल झाला होता आणि दुसऱ्यावर साबण होता. भोंगा सुरू झाला, आणि आतून मीही सुरू झाले. आई म्हणते, दोघांत कोण जास्त ओरडलं ते सांगता येणार नाही. बाबांनी साबण तसाच ठेवून मला हातात घेतलं, माझ्या कपाळाला फेस लागला. मग तसेच पळत सुटले, कारण तिसऱ्या भोंग्याला फाटक बंद व्हायचं. दिवसभर अर्ध्या दाढीनं काम केलं. कोणी हसलं की सांगायचे, "हसा, मुलगी झालीय."

भोंगे मी दहा वर्षांची असताना बंद झाले. आता कार्ड टेकवलं की फाटक उघडतं. ते काही कोणाच्या लक्षात राहत नाही.

यातून तुला काही मिळेल असं वाटत नाही. सोळा दिवस उरलेत.

घार


९ फेब्रुवारी

भाचीबाई,

दाढी! दुपारी तीन वाजता कोण दाढी करतं?

मी पत्र हातात घेऊन अंगणात तीन फेऱ्या मारल्या. शेजाऱ्याला वाटलं, क्रेन पडली.

ऐक. मी राहायचो तिथे एका मित्राचे वडील गिरणीत होते. गिरणीत तीन पाळ्या. पहिल्या पाळीचा तो पहिला भोंगा, सकाळी सातचा. दुसऱ्या पाळीचा तो दुसरा, दुपारी तीनचा. तुझ्या बाबांचं कार्ड आलं, 'दुसऱ्या भोंग्याला'. मी वीस वर्षांचा, नुकतं पंचांग वाचायला शिकलेला दीडशहाणा. लगेच पाटी घेऊन बसलो. तीन वाजले. सूर्योदय सहाचा. म्हणजे सूर्योदयानंतर बावीस घटी तीस पळं. तसंच पत्रिकेवर लिहिलं, घटी-पळांत, कारण 'दुपारी तीन' लिहिलं असतं तर विद्वान कोण म्हणणार? घरात ते वाचता येणारा मी एकटा. 'दुपारी तीन' लिहिलं असतं तर ताईनं त्याच दिवशी माझ्या पाठीत धपाटा घातला असता आणि हा विषय सेहेचाळीस वर्षांपूर्वी संपला असता.

तुमच्याकडे तेव्हा पाळी एकच होती हे मला ठाऊकच नव्हतं. पहिला भोंगा उठायचा, दुसरा निघायचा, तिसरा फाटकाचा. काल इथल्या एका म्हाताऱ्या फिटरला विचारून आलो, तो तरुणपणी तुमच्याच कारखान्यात होता. दुसरा भोंगा सहा चाळीसचा. सकाळी. बावीस घटी नव्हे बाई, एक घटी चाळीस पळं.

त्या वेळेनं पुन्हा मांडलं. त्या दिवशी चंद्रानं सकाळी साडेनऊला नक्षत्र बदललं होतं, आणि दशा मोजतात ती त्या नक्षत्रावरूनच. तू आधी झालीस, मी तुला नंतर धरलं. म्हणून सगळं पाच वर्षं सरकलं. आता तुझ्या तारखा बघ. नोकरी, बाबांचं जाणं, तार, सगळ्या आपापल्या खुंटीला येऊन बसल्या. आणि गंमत म्हणजे माझ्या तक्त्यावर ही वेळ सिद्धच झाली नसती, त्यात मृत्यू एकच होता. ती सिद्ध झाली तुझ्या उलट्या बाजूच्या तक्त्यावर. त्या दोन मुलींचीसुद्धा तारीख बसते, अगदी दिवसाला. मी कुरणाला ओसाड म्हणालो. चुकलो.

पतनाचं भय मी ज्या मंगळावरून लिहिलं होतं तो सहाव्या घरात, इजांच्या घरात होता. आता तो दहाव्यात आहे. दहावं घर कामाचं. आणि तुझ्या लग्नात, माझ्या अर्थानं, स्वतः सूर्य बसलाय. तुझ्या लग्नाला सूर्य हजर आहे, आणखी कोण पाहिजे?

याहून जास्त लिहिणार नाही. सत्तर मीटरवर काय होईल ते मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं दाखवायची खोड आता मोडली. चूक मात्र माझी आहे, ती माझ्याच हातानं दुरुस्त होईल. चौदा तारखेला येतोय. लाल शाई आणि कानाचं यंत्र, दोन्ही घेऊन.

मामा


३ मार्च

प्रिय भाऊ,

मी पत्र लिहिलेलं बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं भरतोस. ते किती महागात पडतं ते आता बघितलंच आपण.

तू आलास, ते वाक्य खोडलंस, सही केलीस, तारीख घातलीस आणि मान खाली घालून बसलास. मला तुझा राग आला नाही. आलाही, पण थोडा. मग तू बोलण्याच्या भरात तार तुटल्याचं बोलून गेलास. पोरीचा चेहरा बघितलास? मी 'अगं बाई!' म्हणाले. ते नाटक होतं. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. फोरमनची बायको रडत घरी आली होती, तिचा भाऊ त्या नऊ जणांत होता. मला मिठी मारून म्हणाली, तुमच्या मुलीनं माझा भाऊ वाचवला. संध्याकाळी ही टाके घालून आली आणि म्हणाली, कपाटाचं दार. मी म्हटलं, दार नीट लावत जा.

तुम्हा दोघांना वाटलं, मी तुझ्या पत्रिकेला घाबरते. मी घाबरत होते ते वेगळंच. पत्रिकेत पडेल असं होतं आणि तार तुटली तरी ती पडली नाही. म्हणजे ते टळलं नाही, नुसतं पुढे ढकललंय, असं मला वाटायचं. नऊ वर्षं मी ते कधी येतं याची वाट बघत होते. तू खोडलंस तेव्हा कळलं, ते यायचंच नव्हतं. ती तेव्हा वाचली ती नशिबानं नाही, हातांनी. एवढी साधी गोष्ट, नऊ वर्षं मी तिच्या हातांकडे बघितलंच नव्हतं. तू गेल्यावरच्या रविवारी ती भाजी चिरत होती तेव्हा बघितले. हलत नाहीत रे अजिबात. मी म्हटलं, "दे होकार. आणि मला बघायला यायचंय."

काल होतं ते. कुंपणाशी घरच्यांना उभं केलं होतं, मला खुर्ची दिली. माझ्याकडची चांगली चप्पल घातली होती, तीही चिखलात गेली. क्रेन बघायला मान मोडते. वर एक काचेची पेटी दिसते, काडेपेटीएवढी, त्यात आपली. वारा होता. चाचणीला मोठा लोखंडी ठोकळा ठेवला होता, एखाद्या घराएवढा. फोरमननी काय करावं? चहाचा कप मागवला, काठोकाठ भरलेला, बशीसकट, आणि शिडी लावून त्या ठोकळ्यावर नेऊन ठेवला. त्यांच्याकडे नव्या ऑपरेटरची अशीच गंमत करतात म्हणे. सगळे हसत होते. मी हसले नाही.

ठोकळा उचलला. कसा सांगू? उचलला असं वाटलंच नाही, जमीन खाली गेल्यासारखी वाटली. मैदानाच्या त्या टोकापासून आमच्याकडे आला आणि माझ्यापासून वीसेक पावलांवर टेकला. आवाज नाही. फोरमन शिडीवर चढले, कप घेऊन खाली आले आणि हातातल्या वायरलेसवर विचारलं, "घार, हा चहा कोणाला द्यायचा?"

वरून तिचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू गेला. "खुर्चीवर बसल्यात त्यांना."

गार झाला होता आणि साखर नव्हती. सगळा प्यायले. कप परत दिला. बशी पर्समध्ये घालून घरी आणलीय, त्यांना म्हटलं, हवी असेल तर मागायला या. तू आलास की दाखवीन. कोरडी ठणठणीत आहे.

तुझी
ताई